उन्हाळी स्वयंपाकघरातला ड्रायर

आईची बोटं काचेवरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. कपडे वाळवायच्या नव्या ड्रायरला एकही बटण नव्हतं, नुसती काळी गुळगुळीत काच. हात लागेल तिथे दिवा लागायचा आणि मशीन टुणटुण वाजून भलतंच काहीतरी सुरू करायचं. त्या दिवशी तर त्यानं दाराला कुलूपच घातलं. ओले टॉवेल आत, आई बाहेर.

डेल्फीन तळघराच्या जिन्यात उभी राहून हे बघत होती. मदतीला जावं तर आईला आवडणार नाही, न जावं तर जीव राहत नाही. शेवटी ती खाली उतरली, काचेवर दोन ठिकाणी बोट ठेवलं आणि दार उघडून दिलं. आईनं कमरेचा एप्रन सोडला, त्याची चौपदरी घडी केली, जिना चढून वर गेली आणि स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात तो ठेवून दिला. मग खिडकीपाशी खुर्चीत बसली, परक्या घरी बसावं तशी, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

आईला एप्रनशिवाय डेल्फीननं फक्त चर्चमध्ये आणि बाबांच्या मातीला पाहिलं होतं.

आईचं, ओडीलचं, वय अठ्ठ्याऐंशी. शेत विकलं तेव्हा ती मुलीकडे गावात राहायला आली. डोळ्यांच्या बरोबर मध्ये काळोख दाटला होता, कडेकडेचं तेवढं दिसायचं, पण बोटं शाबूत होती. बटाटे सोलायची, कणीक मळायची, जपमाळेचे मणी ओढायची. कपडे धुवायच्या मशीनची तिला अडचण नव्हती. ते जुनं, गोल खटक्याचं होतं, आणि डेल्फीनचा नवरा व्हर्जिल याने खटक्यावर नखांना लावायच्या रंगाचा टपोरा थेंब वाळवून खूण करून दिली होती. तसेच थेंब त्यानं ड्रायरच्या काचेवरही देऊन पाहिले. पण काचेवर थेंब चाचपायला बोट टेकलं की तेवढ्यानंच मशीन सुरू व्हायचं. बाहेर दोरीवर वाळत घालावं, तर आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि सरोवरावरून येणारी सप्टेंबरची ओल दुपारपर्यंत अंगण सोडत नव्हती.

यात आणखी एक गोष्ट होती, आणि खरी गोष्ट तीच. दरवर्षी सुगी झाली की त्यांच्या चर्चची जत्रा भरायची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या टोकावर बेल्जियमहून आलेल्या शेतकऱ्यांची पाच-सहा खेडी, आणि प्रत्येक खेड्याची आपापली जत्रा, आपापला रविवार. मोठमोठ्या काहिलींत कोंबडीचा बूया, म्हणजे दाट रस्सा, रटरटतो, सुकलेल्या आलुबुखारांचं सारण भरून भाजलेले गोड 'पाय' टेबलांवर ओळीनं लागतात, सगळी पंचक्रोशी जेवून जाते. त्या दिवशीचे भांडी पुसायचे टॉवेल, टेबलांवरच्या चादरी आणि वाढणाऱ्यांचे एप्रन दुसऱ्या दिवशी, सोमवारी, धुवून वाळवून देण्याचं काम ओडीलचं होतं. लग्न होऊन ती या चर्चमध्ये आली तेव्हापासून. मुलं झाली, नवरा गेला, ते काम राहिलं होतं.

यंदा मात्र चर्चच्या स्वयंपाकघराची प्रमुख बर्निस हिनं फोन केला होता. बर्निस मनानं वाईट नव्हती. तिला फक्त सगळं उरकलेलं आवडायचं.

"डेल्फीन, हे बघ, ओडीलमावशींना आता किती दमवायचं? ग्रीन बे शहरात एक कंपनी आहे. मळकं घेऊन जातात, स्वच्छ आणून देतात. मी सोमवारी सकाळी त्यांना फोन करून टाकते."

"सोमवारी कपडे आईच धुणार आहे," डेल्फीन म्हणाली.

"आणि वाळवणार कुठे?"

"तेही बघते."

फोन ठेवून ती वळली तर आई खिडकीपाशीच होती. म्हातारीचे कान तिखट होते.

"बर्निस?" आईनं विचारलं.

"हो."

"करू दे तिला. मी काय, बसून राहीन."

त्या रात्री डेल्फीननं जपमाळ संपवली आणि मनाशी एक गाठ बांधली: आईनं पुन्हा एप्रन बांधेपर्यंत कॉफीत साखर घ्यायची नाही. नवस तिनं कोणाला सांगितला नाही. सांगितलेल्या नवसाला चव राहत नाही, असं तिचं मत होतं. मग तिनं धाकट्या भावाला, क्लेटनला फोन लावला.

"उन्हाळी स्वयंपाकघरातला तो जुना ड्रायर अजून आहे का रे?"

शेतावरच्या घरामागे विटांची वेगळी खोली होती. उन्हाळ्यात भट्टीची धग राहत्या घरात नको म्हणून आजोबांनी बांधलेली. तिथेच आईचा धुण्याचा सारा संसार असायचा. शेत विकलं तरी ती खोली रिकामी करून द्यायचं काम अजून क्लेटनकडे होतं.

"आहे की. उंदरांचा वाडा झालाय त्याचा," क्लेटन म्हणाला. "शनिवारी भंगारवाला यायचाय."

"त्याला दुसरं काहीतरी दे. ड्रायर माझ्याकडे आण."

"डेल, तो माझ्यापेक्षा म्हातारा आहे."

"तुझ्यापेक्षा कामाचाही होता."

क्लेटननं आणला. तो आणि व्हर्जिल दोघांनी मिळून फळीवरून घसरवत तळघरात उतरवला. क्लेटन प्रत्येक पायरीवर थांबून बहिणीचा उद्धार करत होता. पांढरा मुलामा पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला गंजाची जाळी, दाराला गोल काच, आणि वर उजवीकडे मुठीएवढा काळा खटका. फिरवला की प्रत्येक घराला टक्‌ असा आवाज. डेल्फीननं तो एकदा फिरवला मात्र, वर स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आई भिंत धरून खाली उतरली. कोणी काही सांगितलं नव्हतं. ती सरळ ड्रायरपाशी आली, खटक्यावर हात ठेवला आणि मोजत फिरवला.

"हे टॉवेल," ती म्हणाली. "हे चादरी. हे तुमच्या बाबांच्या जाड विजारी. आणि हे इथे कधी न्यायचं नाही, लोकर आटते."

क्लेटननं डोकं खाजवलं. "आई, तो चालत नाहीये अजून."

"मग चालवा," आई म्हणाली आणि तशीच भिंत धरून वर गेली.

क्लेटननं बहिणीकडे पाहिलं. "हा चालला ना, तर तुझा तो काचेचा ड्रायर मी एकटा पाठीवर घेऊन वर नेईन."

"कंबरेला पट्टा बांधून ये," डेल्फीन म्हणाली.

व्हर्जिल हसला. त्याची सारी उमर जहाजाच्या गोदीत जोडकाम करण्यात गेली होती. लोखंडाची त्याला भीती नव्हती, पण गॅसची होती. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पट्टा, चाकं, पत्रा, हे आपण दोघं करू. गॅसच्या नळीला मात्र वेंडेल हात लावेल. त्याचा परवाना आहे, आणि मला तू हवी आहेस."

डेल्फीनची रोजची सकाळ ठरलेली होती. पहाटे प्रार्थना, मग चर्चमध्ये सातचा मिसा, मग आईचा नाश्ता. त्यानंतरचा वेळ तिनं ड्रायरला दिला. हातमोजे चढवून तिनं उंदरांचं घरटं काढलं. त्यात क्लेटनच्या लहानपणच्या मोज्याची लोकर निघाली. वर्षानुवर्षांचा धाग्यांचा भुगा निघाला, करड्या गाद्या असाव्यात तसा. ढोल ज्यांच्यावर फिरतो ती चाकं व्हर्जिलनं उतरवून रॉकेलमध्ये बुडवली, घासली, आणि तेल दिलं. पट्टा वाळलेल्या कातड्यासारखा तडकला होता. डेल्फीननं सुतळी गुंडाळून त्याची लांबी घेतली, आणि नवा मागवला. मुलाम्यावरचा पिवळेपणा खाण्याच्या सोड्यानं उतरला. गंज खरवडून तिथे पांढरा रंग दिला. धूर बाहेर नेणारी नवी पत्र्याची नळी व्हर्जिलनं भिंतीतून काढली.

अडलं ते ढोलाच्या कडेशी. ढोल आणि समोरचा पत्रा यांच्या मध्ये लोकरीची जाड पट्टी असते, गरम हवा बाहेर निसटू नये म्हणून. तिला कसर लागली होती. लोकर विकत मिळाली, पण ती गोल जोडायची, शिवण आत न टोचता, म्हणजे ढोल अडकणार नाही. डेल्फीननं दोनदा शिवली, दोनदा उसवली.

"इकडे दे," आई म्हणाली. ती आताशा रोजच खाली येऊन उलट्या बादलीवर बसायची. "सुईत दोरा ओव, आणि माझ्या हातात दे. बाकीचं मी करते."

"आई, सुई आहे ती, दाभणासारखी."

"तुझ्या बाबांची घोंगडी कोण शिवायचं? तू?"

आईनं पट्टीची दोन टोकं एकमेकांवर ठेवली, अंगठ्यानं दाबली, आणि डावं बोट पुढे सरकवत, सुई त्याच्या मागे मागे आणत टाके घातले. नजर कुठेतरी कोपऱ्यात, शिवण मात्र सरळ. डेल्फीननं बोट फिरवून पाहिलं. जोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळत नव्हतं.

"ठीक आहे का?" आईनं विचारलं.

"ठीक आहे."

"नुसतं ठीक?"

"बरं, छान आहे."

"हं," आई म्हणाली. त्या दिवशी जेवताना तिनं दुसऱ्यांदा बूया मागून घेतला.

जत्रेच्या आदल्या गुरुवारी वेंडेल आला. ठेंगणा, बोलका माणूस, गावातल्या निम्म्या चुलींना त्यानंच गॅस जोडलेला. आल्या आल्या त्यानं ड्रायरच्या पाठीवरची लोखंडी पट्टी पुसून वाचली आणि मान डोलावली. "नळाच्या गॅसचा आहे. उत्तम. तुमच्याकडेही नळाचाच आहे." बर्नरच्या नळीत कोळ्यानं जाळं केलं होतं, ते त्यानं ब्रशानं काढलं. पायलटची, म्हणजे बर्नर पेटवायला सतत जळत राहणारी, बारीक ज्योत विझली तर गॅस बंद करणारी तांब्याची जुनी तार बदलली. सगळे सांधे साबणाच्या फेसानं तपासले. कुठेही बुडबुडा फुगला नाही.

"आता ताई, हे लाल बटण दाबून धरायचं, मी काडी लावतो," वेंडेल म्हणाला. "तार तापेपर्यंत सोडायचं नाही. कितीतरी लोक घाईनं सोडतात आणि मग मला बोलावतात."

"एक 'नमो मरिया' म्हणायची, सावकाश," बादलीवरून आई म्हणाली. "आमेन झालं की सोडायचं. मी तसंच करायची."

वेंडेलनं आईकडे पाहिलं. तो काही फारसा चर्चला जाणारा नव्हता. "चालेल," तो म्हणाला. "माझ्या घड्याळापेक्षा बरं."

डेल्फीननं बटण दाबलं आणि प्रार्थना म्हटली. आमेनला बोट उचललं. निळी कळी जागेवर राहिली. मग खटका फिरवला, ढोल फिरू लागला, आत कुठेतरी टक्‌ झालं आणि बर्नर पेटला. व्हर्जिलनं टाळी वाजवली. डेल्फीननं पहिलं धुणं आत टाकलं, घरचेच टॉवेल.

घंटा झाली तेव्हा टॉवेल ओले होते. गार नव्हते, कोमट होते, अंगात ताप मुरावा तसे. पुन्हा लावले. पुन्हा घंटा झाली, आणि तरी पिळले असते तर पाणी निघालं असतं.

वेंडेल शुक्रवारी परत आला. उष्णता मोजणारी डबी बदलली. धुराची नळी तपासली, कुठे तुंबली नव्हती. शनिवारी पुन्हा आला, आणि गॅस सोडणाऱ्या झडपेवर पुन्हा पुन्हा टिचकी मारून पाहिली.

"ताई, झडप थकली असावी," तो म्हणाला. "ही आता कुठे बनत नाही. तुम्ही सुंदर काम केलंय. शोभेला ठेवा, वर फुलदाणी ठेवा."

"शोभेच्या वस्तू माझ्याकडे पुष्कळ आहेत," डेल्फीन म्हणाली.

"म्हणजे मी," व्हर्जिल म्हणाला.

कोणी हसलं नाही. आई बादलीवरून उठली. "ज्योत बोलत नाही याची," ती म्हणाली. "शेतावर पेटली की फुर्र करायची, भट्टीसारखी. ही आजाऱ्यासारखी कण्हते." आणि ती वर निघून गेली. डेल्फीननं ऐकलं, पण त्या क्षणी त्या बोलण्यात तिला फक्त आईची निराशा ऐकू आली. तरी तिला एवढं ठाऊक होतं की इतकं सगळं जागेवर बसलेलं यंत्र उगाच रुसत नाही. कारण आहे, आणि ते साधं आहे, आपल्या डोळ्यांपुढेच कुठेतरी आहे. त्या रात्री तिनं जपमाळ म्हणताना कारण मागितलं नाही, फक्त डोळे मागितले. कॉफी कडूच प्यायली.

रविवारी जत्रा. मिसा झाला, बँडनं पोल्का नाचाची धून धरली, आणि दुपारपर्यंत चर्चच्या सभागृहात उभं राहायला जागा उरली नाही. आई भांड्यांच्या टेबलाशी बसून ताटल्या पुसत होती. ताटली हातात आली की बोट फिरवायची, कुठे चिकट लागलं तर परत पाण्यात. ओले टॉवेल टोपल्यांमध्ये साचत होते. बर्निस येता-जाता त्या टोपल्यांकडे बघत होती.

"मावशी, उद्या सकाळी मी कंपनीला फोन करते हं," ती शेवटी म्हणालीच. "तुम्ही आता आराम करा."

आईनं ताटली पुसून थप्पीवर ठेवली. "कर बाई," ती म्हणाली. पुढच्या ताटलीला मात्र तिचा हात लवकर गेला नाही.

डेल्फीन पलीकडे ताटल्या रचत होती. तिला ते दिसलं. तेवढ्यात क्लेटन बूयाचा वाडगा घेऊन आला आणि टेबलाला टेकून उभा राहिला.

"शेताच्या नव्या मालकाचा फोन होता," तो म्हणाला. "शहरातला माणूस. विचारतो, अंगणातलं ते चंदेरी डुक्कर कोणाचं? गॅसच्या टाकीला म्हणतो डुक्कर. त्याला ती काढून टाकायची आहे, फुलझाडं लावायचीत."

"डुक्कर काय म्हणून? घोडा होता तो आपला," डेल्फीन म्हणाली. "तू पुढे, मी मागे. आणि आई झाडू घेऊन धावायची."

"धावायचीच," आई म्हणाली. "टाकीवर बसून उड्या मारणारी पोरं माझ्याच नशिबी. हिवाळ्यात बर्फानं गॅसवाल्याचा ट्रक अडला की चूलही बंद आणि ड्रायरही..."

डेल्फीनच्या हातात ताटली होती. ती तशीच राहिली.

शेतावर नळ नव्हताच. मैलोन्‌मैल कुठे नळ नव्हता. सगळा गॅस त्या चंदेरी टाकीतून यायचा, ट्रकनं आणून भरलेला. तो गॅस जड आणि जोरकस, त्याला बर्नरच्या तोंडाशी बारीकसं भोक पुरतं. गावातला नळाचा गॅस हलका, त्याला मोठं भोक लागतं. सुईच्या भोकातून तो आला तर ज्योत मेणबत्तीएवढीच होणार. गावात येऊन डेल्फीनला चाळीस वर्षं झाली होती. नळ उघडला की गॅस येतो, याची इतकी सवय झाली होती की आपण टाकीवर वाढलो हेच ती विसरून बसली होती.

"वेंडेल कुठे आहे?" ती म्हणाली.

वेंडेल दाराजवळच्या टेबलावर आलुबुखाराचा 'पाय' खात बसला होता. डेल्फीननं हातातली ताटली त्याच्यासमोर ठेवली आणि सांगितलं. तो ऐकत गेला, आणि त्याचा घास तोंडात थांबला.

"पण पाठीवर तर नळाचा गॅस लिहिलाय."

"कारखान्यातून तसा निघाला असेल," डेल्फीन म्हणाली. "दुकानदारानं शेतावर बसवताना बदलून दिला असेल. त्यानं पाटी कशाला खरवडली असती? आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीतच होतं."

वेंडेलनं काटा खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. "तीन दिवस मी त्या झडपेला शिव्या देतोय. मी विचारलंच नाही तुम्हाला, हा कुठून आणला." मग तो उठूनच उभा राहिला. "माझ्या गाडीत नळाच्या गॅसचं नोझल आहे, मोठ्या भोकाचं. आत्ता जाऊ. अर्ध्या तासाचं काम."

डेल्फीनच्या मनात फार आलं होतं. पण तिनं मान हलवली. "आज रविवार आहे."

"आणि सकाळपासून इथे भांडी घासतेस ते?" मागून व्हर्जिल म्हणाला.

"ती सेवा आहे. ड्रायर माझं काम आहे. ते उद्या."

"उद्या सकाळी बर्निस फोन करणार आहे."

"मग बर्निसला सांगायला पाहिजे," डेल्फीन म्हणाली, आणि तिनं जाऊन सांगितलं. आवाज न चढवता, जसं ती सगळंच बोलायची. "बर्निस, दुपारपर्यंत थांब. टोपल्या आज माझ्याकडे पाठव. दुपारी ये, आणि तुला जे करायचं ते तेव्हा कर."

"नाही वाळले तर?"

"वाळतील."

बर्निसनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तू अशी बोललीस की मला उगाच विश्वास बसतो," ती म्हणाली. "दुपारपर्यंत."

सोमवारी डेल्फीन सातच्या मिसाला जाऊन आली तेव्हा आईनं पहिली टोपली मशीनमध्ये धुवून काढली होती, आणि वेंडेल पायरीवर बसून होता. खाली गेल्यावर त्यानं बर्नरचं तोंड उघडलं, आतलं पितळी नोझल काढलं आणि नवं त्याच्या शेजारी धरून डेल्फीनला दाखवलं. जुन्यातून बारीक सुई जेमतेम गेली असती. नव्यातून विणायची सुई.

"आईच्या हातात दे," ती म्हणाली.

आईनं दोन्ही चाचपले, नखानं भोकं शोधली. "एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," वेंडेल म्हणाला. त्यानं नळाच्या गॅसचा दाब सांभाळणारी डबीही बसवली, दाब मोजला, फेस लावला, पुन्हा फेस लावला. मग बाजूला सरला. "पेटवा."

डेल्फीन बटणाकडे वाकली, आणि थांबली. "आई, तू."

आई उठली. तिनं हातानं पत्रा चाचपत बटण शोधलं आणि दाबून धरलं. वेंडेलनं काडी लावली. आईचे ओठ हलत होते. आमेन झालं. निळी कळी राहिली. मग आईनं खटका धरला, एक घर, दोन घरं, टॉवेलांच्या घरावर आणला. ढोल फिरला. टक्‌ झालं, आणि बर्नरनं फुर्रकन मोठा श्वास घेतला, असा की खिडकीची तावदानंही किंचित थरथरली.

"हां," आई म्हणाली. "आता बोलला."

पहिल्या टोपलीची घंटा झाली. आईनं दार उघडून हात आत घातला. वाफेचा, उन्हाचा, थोडा भाजल्या पावासारखा वास तळघरात पसरला. तिनं एक टॉवेल काढून गालाला लावला आणि घडी घालायला घेतला. दुसरी टोपली गेली. मग चादरी. डेल्फीन मध्ये मध्ये हात लावायला जात होती, आई तिचा हात कोपरानं बाजूला सारत होती.

दुपारी बर्निस आली. तिच्या मागून क्लेटनही आला, सहज आल्यासारखा. बर्निसनं रचलेल्या थप्पीतला मधला टॉवेल ओढून काढला. वरचे कोणीही कोरडे ठेवील, हे तिला ठाऊक होतं. टॉवेल खडखडीत वाळलेला आणि अजून गरम होता. तिनं तो तसाच थोडा वेळ हातात धरला.

"ओडीलमावशी," ती म्हणाली, "पुढच्या वर्षीही तुम्हीच ना?"

"पुढच्या वर्षी काय," आई म्हणाली, "नाताळच्या चादरी आहेत. त्या आधी आण. आणि तो घडी मोडलेला टॉवेल परत दे."

व्हर्जिलनं क्लेटनच्या पाठीवर थाप मारली आणि कोपऱ्यातल्या काचेच्या ड्रायरकडे बोट दाखवलं. क्लेटननं जिन्याकडे पाहिलं, मग ड्रायरकडे, मग आईकडे.

"मी म्हटलं तेव्हा चेष्टेत होतो," तो म्हणाला.

"मी नव्हते," डेल्फीन म्हणाली.

शेवटी वेंडेल, व्हर्जिल आणि क्लेटन तिघांनी मिळून तो वर नेला, आणि क्लेटन पुढे कितीतरी दिवस आपण एकट्यानं नेला असं सांगत राहिला.

सगळे गेल्यावर डेल्फीन पुन्हा खाली आली. आई तिच्याकडे पाठ करून उभी होती. कमरेला एप्रन होता. खणातून कधी काढून आणला कोण जाणे, गाठ मागे घट्ट बांधलेली होती.

"मी वाढणाऱ्यांचे एप्रन घेते इस्त्रीला," डेल्फीन म्हणाली.

"तू वर जा," आई म्हणाली. "इथे एकीपुरतीच जागा आहे."

डेल्फीन आपल्याच तळघरातून हाकलली जाऊन वर आली. व्हर्जिलनं कॉफी केली होती. तिच्या कपाशेजारी साखरेचं भांडं झाकण काढून ठेवलं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता, अगदी काहीच माहीत नसल्यासारखा. खाली खटका फिरला, टक्‌, टक्‌, आणि ज्योतीनं मोठा श्वास घेतला. डेल्फीननं मनातल्या मनात आभार मानले, आणि कॉफीत दोन चमचे साखर घातली.